खिडकीपुढचं कपाट

बदली होऊन जयपूरला आलो तेव्हा थंडी होती. दीड वर्षाच्या लेकीसाठी मी मागची खोली खेळघर केली आणि खेळण्यांचं भलंमोठं कपाट खिडकीपुढे भिंतीला पक्कं ठोकलं.

“आता हॉलमध्ये एक खेळणं दिसणार नाही,” मी बायकोला शब्द दिला.

“बघू,” ती म्हणाली.

एप्रिलमध्ये घरमालक कूलर घेऊन आले. “भाईसाहब, कूलर तो इसी खिड़की में लगता है!”

पुण्याच्या माणसाला हे कुठून सुचणार? कपाट काही निघेना आणि खोलीची भट्टी झाली. शेवटी कूलर हॉलच्या खिडकीत बसला. त्याच्यामागोमाग लेक, बाहुल्या, ठोकळे सगळेच हॉलमध्ये आले.

“खेळघर छान झालंय हो,” बायको म्हणाली. “आता पाहुण्यांना तिथेच बसवत जाऊ.”