चार वाजताची सावली

माझे मामा शाळेत चित्रकला शिकवायचे. सुट्टीच्या दिवशी सायकलला रंगांची पेटी अडकवून शेतांकडे निघायचे, ते ऊन उतरल्यावरच परतायचे. त्यांच्या चित्रांत फाटकाची खिळखिळी बिजागरी असायची, चिखलात रुतलेलं चाक असायचं, आणि गाय असली तर तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. एकदा गाईचा मालक म्हणाला, "मास्तर, चित्रात तरी तिला पोटभर खाऊ घाला." मामा म्हणाले, "आधी तुम्ही घाला, मग मी घालतो."

"मी बघितलं तेवढंच काढतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गावाला ते तोंडपाठ होतं.

आमच्यापासून तीन घरं सोडून आईची मैत्रीण राहायची. मी तिला मावशी म्हणायचे. ती आणि मामा लहानपणी एका वर्गात होते, त्यामुळे दोघांचं बोलणं अरे-तुरेचं. मावशी मोठ्या मळ्यावर बटाटे काढायला जायची. त्या हंगामात तिचा नवरा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. त्याचं सगळं उरकून ती कामावर जायची, आणि दिवसभर ओणवी राहून संध्याकाळी पुन्हा त्याच्या उशाशी बसायची.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका झाडाखाली बसल्या होत्या. मावशी तिथवर पोचलीच नाही. सरीच्या कडेला, भरलेल्या पोत्याला टेकून तिचा डोळा लागला. हातांना माती तशीच, मान एका बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं. मामा बांधावर होते. त्यांनी भराभर तिचं चित्र उतरवून घेतलं आणि ती जागी होण्याआधी सामान आवरून निघून आले. विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग दोन महिने आमच्या मागच्या खोलीत मोठ्या कॅनव्हासवर काम चाललं. चित्र काही जमेना. डोक्यावरच्या उन्हात सावली अंगाखालीच गोळा होते, सगळं सपाट दिसतं. शेवटी मामांनी ऊन फिरवलं. पोत्याची लांब सावली सऱ्यांवर आडवी पसरली, मावशीच्या गालावर पिवळा उजेड आला, आणि चित्र एकदम जिवंत झालं. आईने दारातून बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शहरातल्या प्रदर्शनात त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. ते विकलं गेलं, आणि एका बियाणं विकणाऱ्याने ते कॅलेंडरवर छापलं. नवीन वर्षात वाण्याच्या दुकानात, न्हाव्याच्या आरशाशेजारी, घराघरात, मळ्याच्या शेडमध्ये, जिथे बघावं तिथे मावशी झोपलेली.

पुढच्या हंगामात मुकादमाने तिला कामावर घेतलं नाही.

"मी पाठ फिरवली की तू झोपा काढतेस," तो म्हणाला.

बायका मध्ये पडल्या. "अहो, जेवणाची सुट्टी होती तेव्हा."

मुकादमाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "ही सावली बघा. चारच्या आधी इतकी लांब पडते का? चारला कसली सुट्टी? आणि मास्तर बघितल्याशिवाय काही काढत नाहीत."

आईने हे मामांना सांगितलं तेव्हा ते ब्रश धूत होते. ब्रश तसाच पाण्यात टाकून ते मळ्यावर गेले. चूक माझी, उजेड मी बदलला, ती दुपारची वेळ होती, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. मुकादम हसला. "मास्तर, तुमचा शेजारधर्म कळतो मला. पण तिच्यासाठी आता तुम्ही खोटं बोलू नका."

तिथून ते मावशीकडे गेले. मी त्यांच्या मागोमाग होते. मावशी दुसऱ्यांच्या शर्टांना इस्त्री करत होती. तेच काम तिने आता धरलं होतं.

"या मास्तर, बसा," ती म्हणाली.

"मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलीस?"

तिने पुढचा शर्ट ओढला. मामांनी सगळं सांगितलं. तिने शर्टाची बाही संपवली, मग विचारलं, "दुपारचीच काढली असती तर काय बिघडलं असतं?"

"चित्र सपाट दिसलं असतं."

"मग दिसू द्यायचं होतं. तोंड उघडं काढलंत, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. ते खरं होतं."

मामांनी चित्र घेणाऱ्याला पत्र लिहिलं, सावली दुरुस्त करू द्या म्हणून. उत्तर फार सभ्य आलं: ती सावली हाच तर चित्राचा प्राण आहे. मग मामांनी दुपारच्या उन्हातलं दुसरं चित्र काढलं आणि सायकलवर बांधून मळ्यावर नेलं. मुकादमाने ते निरखून बघितलं. "पहिल्याची सर नाही याला," तो म्हणाला. मामांना ते त्याच्याही आधी ठाऊक होतं.

मावशीचा नवरा त्याच वर्षी गेला, आणि ती मुलीकडे राहायला निघून गेली. तिला बसवर सोडायला आई गेली. मामा मागच्या खोलीत होते. काही काढत नव्हते, नुसते बसले होते. त्यानंतर त्यांनी माणसं काढली नाहीत. बांध, खळगे, नांगरलेली रिकामी शेतं, एवढंच. बघणारे म्हणायचे, किती शांत वाटतं हो. मामा मान हलवायचे.

सहा वर्षांनी, कुणाला न सांगता, ते मावशीच्या मुलीच्या गावी जाऊन आले. घराला कुलूप होतं. शेजारणीने खुर्ची दिली. अर्धा तास बसून ते परत आले.

आई चिडली. "इतकं लांब गेलास, निदान निरोप तरी ठेवायचास."

"कोण आलं होतं म्हणून सांगायचं?" मामा म्हणाले. "मास्तर आले होते म्हणून?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा जा. मी येते बरोबर."

मामा हो म्हणाले. पुढच्या महिन्यात शाळेच्या परीक्षा होत्या, त्याच्या पुढच्यात आईचा पाय मुरगळला. मग मुलीचं पत्र आलं, मावशी गेल्याचं. मामांनी ते उभ्यानेच वाचलं आणि आईच्या हातात दिलं.

"जायला हवं होतं," आई म्हणाली.

"हो," मामा म्हणाले, आणि शाळेची वेळ झाली होती म्हणून चपला घालून बाहेर पडले.