पेवात उतरणारी कासाबाई

पेव म्हणजे काय, हे आता परभणीत जन्मलेल्या पोरांनाही सांगावं लागतं. चीड येते, पण सांगतो. जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा खणतात, आतून कडबा आणि तुराट्या लावतात, ज्वारी ओततात आणि तोंडावर फरशी ठेवून चिखलानं लिंपून टाकतात. पोट मोठं, तोंड बारीक. घरातलं धान्य सरत आलं की पेव उघडायचं, आणि उघडलं की त्यात कोणाला तरी उतरावं लागतं. सोनपेठजवळच्या एका गावात, किशनरावांच्या खळ्यातल्या पेवात उतरायची ती कासाबाई.

आधी तिचा नवरा रायभान उतरायचा. पण तो मेंढरांमागं आठ महिने गोदावरीच्या काठाकाठानं हिंडणार, आणि पेव काही त्याच्यासाठी खोळंबून राहायचं नाही. कासाबाई अंगानं काडी. एका वर्षी तीच कमरेला दोर बांधून उतरली, आणि मग गावानं दुसऱ्या कोणाला बोलावणं सोडून दिलं. जीभ मात्र तिची अंगासारखी बारीक नव्हती. भल्याभल्यांची ती चारचौघांत खरडपट्टी काढायची. तिनं मला कधीच शिवी दिली नाही, आणि ज्या दिवशी द्यायला हवी होती त्या दिवशीही दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी तेव्हा परभणीत एका संशोधन योजनेत तात्पुरता प्रयोगशाळा सहायक होतो. साल १९८३. साठवलेल्या धान्यावर बुरशी येते, काही बुरशीतून विष तयार होतं, ते डोळ्यांना दिसत नाही आणि भाकरी कितीही भाजली तरी पुरतं जात नाही. जिल्ह्यातल्या ज्वारीत ते किती आहे हे मोजायचं, असं आमचं काम. आम्ही जीप घेऊन बारा गावं हिंडलो आणि प्रत्येक गावातून बाटल्या भरून आणल्या. सगळी ज्वारी एक नंबर. योजनेचे साहेब खूश, मी खूश.

तेराव्या गावात कासाबाईनं जीपमध्ये डोकावून बाटल्या बघितल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"ही तर नवरीवानी नटून आली की! हिला कशाला तपासायलाव भाऊ?"

मग तिनं उलगडून सांगितलं. सरकारी माणसं ज्वारी न्यायला येणार म्हटल्यावर बायांनी ती उन्हात घातली, चाळली, पाखडली, काळे दाणे वेचून टाकले आणि मग बाटलीत भरली. पाहुण्याच्या हाती किडकं देणं म्हणजे घराची लाज. आणि आम्ही शिकलेली गाढवं, ती पाखडलेली ज्वारी काचेच्या बाटल्यांत घालून तिच्यावर तारखा लिहीत होतो.

"तुमाला बुडाची पायजे," ती म्हणाली. "ती किशनरावाच्या घरात न्हाई सापडायची. ती आमच्या घरात हाय."

पेवाचा कायदा सरळ होता. वरची आणि मधली ज्वारी मालकाच्या घरात जायची. बुडाला पाझर लागून ओल धरलेली, काळपट, ढेपा झालेली ज्वारी कामाच्या गड्या-बायांना मजुरीत द्यायची. किशनरावांच्या आजोबांपासून हेच चाललेलं. कोणाला त्यात वावगं दिसत नव्हतं, कारण रोज दिसणारी गोष्ट कोणी बघत नाही. कासाबाई बघत होती.

"आखाडात आमच्या गल्लीत सगळ्यायची पोटं दुखतेत," ती म्हणाली. "माझी लेक रुख्मिणी तर गडाबडा लोळती. किशनरावाच्या घरात एकाचं बी दुखत न्हाई. मंग देव काय घर बघून पोट दुखवायलाय का?"

साहेबांनी इतकी वर्षं शिकून जो प्रश्न विचारला नव्हता, तो या बाईनं खळ्यात उभं राहून विचारला.

त्या दिवशी पेव उघडलं. फरशी सरकवल्यावर तिनं आम्हाला लांब उभं केलं, बराच वेळ जाऊ दिला, मग दोरीला कंदील बांधून आत सोडला. कंदील विझला तर आतली हवा माणूस मारते. दोनदा विझला, तिसऱ्यांदा टिकला, तेव्हा ती उतरली. टोपल्यांनी ज्वारी वर देत ती बुडापर्यंत गेली, आणि वर आली ती तीन गाठोडी घेऊन. वरच्या थराच्या गाठोड्याला एक गाठ, मधल्याला दोन, बुडाच्याला तीन. मी माझ्या चिठ्ठ्या बांधायला लागलो तर म्हणाली, "बांधा की. पर चिठ्ठी भिजली की गेली. गाठ भिजली तर आनखी घट्ट व्हती."

ती तीन गाठोडी घेऊन मी तिला जीपमधूनच परभणीला आणलं. तिला बघायचं होतं. आमची रीत अशी की ज्वारी दळून तिचा अर्क काढायचा, त्याचे थेंब काचेच्या पट्टीवर चढवायचे आणि अंधाऱ्या खोलीत एका खास दिव्याखाली धरायचे. विष असेल तिथं निळं चमकतं. दोन दिवस ती प्रयोगशाळेच्या शिपायाच्या घरी राहिली आणि तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत माझ्या शेजारी उभी राहिली. एका गाठीच्या जागी काहीच नव्हतं. दोन गाठींच्या जागी नुसता भास. तीन गाठींच्या जागी निळा ठिपका, चांगला ठसठशीत.

"हे आमी खातो?" तिनं विचारलं.

"हो."

"लेकरं बी?"

मी दिवा बंद केला.

"मंग लिवून द्या."

मी म्हणालो, एका पेवावरून कागद निघत नाही, चाळीस तरी पेवं तपासावी लागतील. पण कागद निघेल आणि बुडाची ज्वारी खाऊ नये असं त्यात स्पष्ट असेल. "शब्द देतो," असंही म्हणालो. तो तिनं मागितला नव्हता. माझ्याच तोंडाला खाज.

ती गावी गेली ती थेट किशनरावांसमोर. आता बुडाची ज्वारी घेणार नाही म्हणाली. किशनराव करड्या स्वभावाचे होते, पण बोलायला रोखठोक. "तुझ्या म्हनन्यावर मी दाना फेकीत न्हाई, कासाबाई. पर कागद आन. कागदात असं लिवलेलं असंल तर सगळ्या गावासमोर बुडाची ज्वारी उकिरड्यात टाकतो. माझी जबान हाय." तिनं ती जबान मान्य केली. कागद येईपर्यंत तिनं त्यांचं काम सोडलं, तिच्यामागं पंचफुला नावाच्या शेजारणीनं सोडलं, आणखी सहा-सात घरांनी सोडलं. तीन कोसांवर रोजगार हमीचा रस्ता चालू होता, तिथं सगळ्या खडी फोडायला जाऊ लागल्या. पंचफुला वाटेत रोज कुरकुरायची आणि कासाबाई रोज तिला सांगायची, कागद येणार हाय, परभणीच्या भाऊनं शब्द दिलाय.

पुढची दोन वर्षं ती आमच्यासाठी चाळीस पेवांत उतरली. आम्ही गेलो असतो तर लोकांनी पुन्हा पाखडलेलीच दिली असती. ती गेली की बाया चुलीपाशी बसून खरं सांगत आणि गडी पेवाचं तोंड उघडत. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, एस.टी. कधी सुटायची, कधी वाटेत अडायची. एकदा पाथरीच्या अलीकडं गाडी थांबली ती थांबलीच. ही बाई नऊ गाठोडी डोक्यावर घेऊन अर्धा दिवस चालली आणि एकही गाठ सुटू दिली नाही. चाळीस पेवं, एकशेवीस गाठोडी. आमच्या कोठीत ती ओळीनं लावलेली बघून साहेबही म्हणाले होते, असे नमुने देशात कोणाकडे नसतील.

आणि मग वरून तक्ता आला. छापील. एका पेवाला एक ओळ, एका ओळीत एकच आकडा.

साहेब म्हणाले, "तिन्ही थर समान घ्या, एकत्र मिसळा आणि दळा. पेवाची सरासरी काढा."

मी म्हणालो, "साहेब, सरासरी कोणी खात नाही. मालक वरची खातो आणि मजूर बुडाची."

हे मी खरंच म्हणालो होतो. हळू आवाजात, पण म्हणालो होतो. साहेबांनी चष्मा काढून पुसला. रसायनं संपत आली आहेत, असं म्हणाले. एकशेवीस तपासण्या परवडणार नाहीत, असंही म्हणाले. आणि मग, अगदी सहज, माझा कायम होण्याचा कागद सहीसाठी त्यांच्या टेबलावर पडून आहे, त्याची आठवण करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीत गेलो, तीन गाठींची गाठोडी नखांनी सोडवली, कारण ती हातानं सुटत नव्हती, आणि चाळीस पेवांची ज्वारी चाळीस घमेल्यांत कालवली. साहेबांनी हुकूम दिला हे खरं, पण कालवणारा मी. त्या बाईचा केसानं गळा मी कापला. पंधरा दिवसांत मी कायम झालो, आणि बायकोनं शेजारी पेढे वाटले.

सरासरी मर्यादेच्या आत आली. येणारच. शेतकऱ्यांसाठी मराठीत एक घडीपत्रक निघालं: पेवातील ज्वारी खाण्यास योग्य. वर मोठा फोटो. पेवाच्या तोंडातून खांद्यापर्यंत बाहेर आलेली, हातात गाठोडं धरलेली कासाबाई. तिचा फोटो मीच काढला होता.

ती आली तेव्हा आखाड लागला होता. सकाळच्या एस.टी.नं आली, हातपाय धुतले, मी दिलेला चहा बशीत ओतून प्याली. मग कमरेच्या पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं घडीपत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं. दोन वर्षं खडी फोडून तिची बोटं जाड झाली होती, घडी उलगडताना अडखळत होती.

"किशनरावानं पारावर वाचलं," ती म्हणाली. "समदं उलटं वाचलं त्यानं. म्हनला, शास्त्रज्ञायनं ज्वारी चांगली हाय असं लिवलंय, आन वर तुझाच फोटू हाय. लोकं हसायलेत मला. पंचफुला परत गेली त्याच्या कामाला, बाकीच्या बी गेल्या. पर म्या हटले न्हाई. मला वाचाया येत न्हाई, मनून फसवायलाय त्यो. तुमी वाचा भाऊ. म्या धेनात ठिवते, आन तसंच्या तसं जाऊन सांगते गावाला."

पळून जावंसं वाटलं. खोटं वाचून दाखवावं असंही एक क्षण वाटलं, हे कबूल करतो. मग मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न थांबता.

ती ऐकत होती. संपल्यावरही ती वाट बघत राहिली, जसं काही पान उलटायचं बाकी आहे.

"तीन गाठीचं कुठं हाय?" तिनं विचारलं.

"वेगळं नाही दिलं. तिन्ही एकत्र मिसळून तपासले."

"मिसळले? म्या येगळे आनले व्हते."

"हो."

"कोनी मिसळले?"

"मी."

मला वाटलं आता ती फाडून खाईल. सगळी प्रयोगशाळा गोळा होईल, साहेब बाहेर येतील, आणि बरं होईल. तिच्या जिभेची मी तेव्हा मनापासून वाट बघत होतो. कासाबाईनं घडीपत्रक उचललं, होतं तसं प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि कमरेला खोचलं.

"म्हंजी किशनराव खरं वाचत व्हता," ती म्हणाली.

मी मान डोलावली.

"म्या त्याला पारावर, सगळ्या गावासमोर, बेइमान म्हनले." ती उठली आणि पदर सारखा केला. "आता जाऊन त्याच्या पाया पडावं लागंल."

मी थांब म्हणालो, जेवून जा म्हणालो. सोनपेठची गाडी दुपारी होती, आणि ती त्या गाडीनं परत गेली.