गडी आत घेतला का?

“गडी आत घेतला का?”

माझ्या दुकानातून निघताना मामा हे विचारायचे, आणि विचारायचे स्वतःलाच. खुर्चीवरून अर्धे उठलेले, एका हातात जेवणाचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात अजून गेमचा रिमोट. मग पुन्हा खाली बसायचे. पडद्यावरचा आपला माणूस छपराखाली नेऊन, दार लावून, खाटेवर निजवल्याशिवाय त्यांनी कधी मशीन सोडलं नाही. मागं नंबर लावून बसलेली पोरं वैतागायची. “मामा, बंद करा की. तो काय खरा हाय का?”

मामा मान न वळवता म्हणायचे, “खरा नसंल. पर उभा तर हाय.”

सणसवाडीत कंपन्यांच्या रस्त्याला माझं दुकान आहे. पुढं झेरॉक्स, पॅनकार्ड आणि ऑनलाइन फॉर्म, मागं पडदा लावून गेमची मशिनं. मी तळेगाव ढमढेऱ्याहून भल्या सकाळी येऊन शटर वर करतो, कारण रातपाळी सुटलेली माणसं तेव्हाच मोकळी असतात. अशा गावात तुम्ही कधी राहिला असाल, तर तुम्हाला हे सांगायला नको, की इथं एक खाट दोघांची असते. दिवसपाळीचा उठून गेला की रातपाळीचा तिच्यावर आडवा होतो. मामा एका कंपनीच्या गेटवर रात्रीचे वॉचमन होते. त्यांची ड्युटी सकाळी लवकर सुटायची आणि त्यांच्या खाटेवरचा माणूस काही लवकर उठायचा नाही. मधला वेळ काढायचा कुठं? टपरीवाला एका चहावर किती वेळ बसू देणार? असेच एकदा आडोशाला म्हणून दुकानात शिरले, पडद्यामागं डोकावले, आणि मग रोजचेच झाले.

माणूस पन्नाशी ओलांडलेला. गाव दौंडकडचं, भीमेच्या काठचं. बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसायचे. पँट जरा वर सरकली की पोटऱ्यांवरच्या शिरांच्या गाठी दिसायच्या. मी एकदा विचारलं, “मामा, गेटवर केबिन असेल की तुम्हाला?”

“हाय की. पर तिच्यात सामान भरलंय. मी भाईर.”

“मग स्टूल तरी?”

“स्टुलावर झोप लागंल म्हणत्यात सायेब.” एवढं बोलून ते हसले. साहेबाचं म्हणणं त्यांना पटलेलंच दिसत होतं.

तर तो खेळ. तुम्ही खेळला नसाल तर थोडक्यात सांगतो. एक मोठा थोरला मुलूख असतो. डोंगर, नद्या, गावं, बाजार. तुमचा एक माणूस असतो आणि तो वाटेल तिकडं जाऊ शकतो. कुणी त्याला काम सांगतं, कुठं राक्षस आडवा येतो, कुठं खजिना सापडतो. पोरं दिवसभर राक्षस मारायची. मामांना मारामारी जमत नव्हती. लांडगा दिसला की ते रिमोट शेजारच्या पोराकडे सरकवायचे, “एवढा हाकल रं,” आणि लांडगा मेला की परत घेऊन चालू लागायचे. नुसतं चालायचे. कुणाच्याही घराचं दार उघडायचं, आत जायचं, चुलीपाशी बसलेल्या म्हातारीला बघायचं, बाहेर यायचं. गावाच्या टोकाला त्या माणसाचं स्वतःचं एक घर होतं. दिवस तिथून सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा. राक्षस मारायच्या खेळात आमच्या मामांनी निव्वळ संसार केला.

मग बऱ्याच वर्षांनी त्या खेळाचा दुसरा भाग आला. पोरांनी त्याची इतकी वाट पाहिली होती, की पहिल्या दिवशी मला दुकानाचा अर्धा पडदा काढून ठेवावा लागला. आठवडाभरात दुकानात दोन पार्ट्या पडल्या. एकीकडे सचिन. हा कवठे येमाईचा, मामांच्याच कंपनीत मशीन चालवणारा, आवाजाने दांडगा. “ग्राफिक बघा नुसतं! पानावरचं पाणी दिसतंय, पानावरचं!” दुसरीकडे पंकज, बिहारचा वेल्डर, बोलायला मऊ पण हटायचा नाही. “सब दिखता है भैया, जान नहीं है इसमें.” सचिन म्हणायचा मुलूख चौपट मोठा झालाय, पंकज म्हणायचा चौपट चलो और मिलता कुछ नहीं. इंटरनेटवर तर म्हणे जगभर हीच भांडणं चालली होती. माझ्या दुकानात ती मराठी आणि हिंदीत चालायची, आणि माझे फॉर्म भरायला आलेले लोक ती ऐकत उभे राहायचे.

मामांनी पहिल्याच सकाळी आपला गडी थेट जुन्या घराकडे नेला. दुसरा भाग पुष्कळ वर्षांनंतरचा होता. तिथं गवत होतं आणि गवतात जोत्याचे दगड. मामा त्या दगडांभोवती फिरत राहिले.

“हितंच व्हतं,” ते म्हणाले. “शेठ, हितंच व्हतं की वो.”

नव्या भागात गड्याला घरच नव्हतं. रात्र झाली की उघड्यावर शेकोटी पेटवायची आणि तिच्यापाशी बसायचं. कुणाच्या घरात शिरलं तर घरवाला ओरडून हाकलून द्यायचा, कधी तलवार काढायचा. आणि पाऊस! सचिनला ज्याचं फार कौतुक होतं तो पाऊस. त्यात गड्याचे कपडे भिजून अंगाला चिकटायचे, तो कुडकुडायचा, तोंडातून वाफ निघायची.

मामा बराच वेळ ते बघून म्हणाले, “पयल्या भागात पाऊस नुसता दिसायचा. ह्यात लागतोय.”

“मामा, त्यालाच रिअलिस्टिक म्हणत्यात,” सचिन म्हणाला.

“असंल. आमची सणसवाडीच झाली म्हणायची.”

सचिनला इंटरनेटवर आपलं मत लिहायचं होतं. त्याने सगळ्यांना विचारलं, मामांनाही विचारलं. “मामा, पाचपैकी किती स्टार?”

“स्टार ऱ्हाऊ द्या. खोली द्या म्हणावं.”

सगळं दुकान हसलं. पण मामा गंभीर होते. “न्हाई, लिवा तुम्ही. समदं चांगलं हाय, डोंगर चांगलं हायत, घोडं चांगलं हाय. फकस्त माणसाला आत घ्यायची कायतरी सोय करा.” सचिनने ते इंग्रजीत लिहिलं आणि खरंच पाठवून दिलं.

तेव्हापासून मामांची सकाळ आडोसा शोधण्यात जायची. कधी कडा पुढं आलेला, कधी मोडकी भिंत. एकदा गोठा सापडला तर गोठ्याच्या मालकाने हाकललं. एका नदीवर दगडी पूल होता, त्याच्या कमानीखाली कोरडी जागा होती. ती त्यांना त्यातल्या त्यात बरी वाटली. निघताना विचारायचं सुटलं नव्हतं, फक्त आता उत्तर देताना ते चाचरायचे. “गडी आत घेतला का? घेतला म्हणायचा.”

परतीच्या पावसातली ती सकाळ. बाहेर धो धो, पडद्यावरही धो धो. मामांचा गडी नदीकाठाने पुलाकडे चालला होता आणि एकदम लाईट गेली. पुढच्या चौकात खांब पडला होता. मामा काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. त्यांची खाट कधीच रिकामी झाली असणार, तरी उठेनात.

“जावा मामा, झोपा,” सचिन म्हणाला. “मशीनच बंद हाय, त्याला काय कळतंय?”

“पूल दिसत व्हता वो,” मामा म्हणाले. शटरपाशी रेनकोट चढवताना त्यांनी एकदा मागं वळून बघितलं. “शेठ, गडी भाईर हाय. उद्या आलो की पयलं त्येला घेतो.”

लाईट दिवसभर आली नाही. मामाही पुन्हा आले नाहीत.

त्या रात्री गेटवरच त्यांचं हृदय बंद पडलं. रेनकोटाची टोपी डोळ्यांवर ओढून, खांबाला पाठ टेकून ते खाली बसले होते. सकाळच्या पाळीची माणसं पावसातून खाली माना घालून आली. “आज मामा बसले बरं का!” असं कुणीतरी चेष्टेनं म्हणालंही. रामराम घालत घालत ती माणसं आत गेली. उजाडल्यावर ट्रकवाल्याने हॉर्न दिला आणि मामा गेट उघडायला उठले नाहीत, तेव्हा कळलं. हे मला सचिनने सांगितलं. रामराम घालणाऱ्यांत तोही होता; त्याची पाळी त्याच दिवसापासून सकाळची लागली होती.

दहाव्याला सचिन, पंकज आणि मी, आम्ही तिघे त्यांच्या गावी गेलो. भीमेच्या घाटावर पिंड ठेवलेला, बाभळीवर कावळे बसलेले, आणि एकही खाली येईना. मोठा भाऊ पुढं होऊन हात जोडून म्हणाला, “पोरीचं लगीन आम्ही करतो, तू चिंता करू नगं.” कावळा आला नाही. मामी म्हणाल्या, “माझी काळजी नगा करू.” तरी नाही. विहीर झाली, बांध झाला, लोकांना जे जे आठवेल ते कबूल करून झालं. ऊन चढलं. कुणीतरी दर्भाचा कावळा करायचं बोलू लागलं. तेवढ्यात सचिनने माझ्या शर्टाची बाही ओढली. दुकान डोक्यावर घेणारं ते पोर कानाशी येऊन म्हणालं,

“शेठ, गडी भाईरच हाय.”

मी पुढं झालो. इतक्या माणसांसमोर मला लाज वाटली, पण हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, “मामा, गडी मी आत घेतो.”

कावळा आला. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही, तुम्हीही नसाल. लोक जरा मागं सरले होते, म्हणून आला असेल. पण आला, आणि शब्द माझ्या अंगावर पडला.

नंतर मामींनी मला बाजूला बोलावलं. “कुठला गडी वो? आमच्याकडं कुणी गडी न्हाई.” मला जमेल तसं मी सांगितलं. त्यांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं. “त्येंचं तसंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “गावी आलं तरी झोपायच्या आधी गोठ्यात जाऊन बघायचं. समदी आत हायत का म्हणून. आन् सोता वर्साचं बारा म्हयनं भाईर.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मी ते मशीन लावलं आणि मामांचा खेळ जिथं तुटला होता तिथून उघडला. गडी तिथंच नदीकाठी उभा होता, पावसात. त्या खेळात रिमोटला हात लावला नाही, की माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो. मामा चहा पिताना घ्यायचे तसाच. आणि फारच वेळ गेला की तो हळूच मान वळवून मागं, आपल्याकडे बघतो. मला भीती वाटली. राक्षसांची कधी वाटली नव्हती, त्या मान वळवण्याची वाटली.

मी त्याला पुलाच्या कमानीखाली नेलं. पण पुलाखाली म्हणजे आत नव्हे, हे मलाही कळत होतं. दुसऱ्या सकाळी मशीन लावावं तर हा उभाच, केसांतून पाणी निथळत. मग आम्ही तिघे मिळून जागा शोधू लागलो. ज्या दाराशी जावं तिथून हाकललं जायचं. आणि गंमत बघा, त्या खेळाची आरती ओवाळणारा सचिन आता त्याला शिव्या घालायचा, आणि त्यात जीव नाही म्हणणारा पंकज त्याची समजूत काढायचा, “ढूँढेंगे भैया, इतना बड़ा मुल्क है, कहीं तो जगह होगी.” जागा नव्हती. हिवाळा गेला. सकाळी मामांच्या वेळेला त्या मशीनवर दुसरं कुणी बसायचं नाही. मी पुढं झेरॉक्स काढत असलो तरी माझं लक्ष पडद्याकडे असायचं. कधी कधी ओल्या रेनकोटाचा वास यायचा, पाऊस नसताना. मी उठून बघायचो. तो कमानीखाली उभा असायचा आणि मान वळवायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर सचिन रस्त्यावरूनच ओरडत आला, “शेठ, खोली दिली! खोली दिली त्यांनी!” खेळात नवीन अपडेट आलं होतं. लोकांची नाराजी बघून कंपनीने पुष्कळ गोष्टी बदलल्या होत्या आणि त्यात गड्याला शहरात राहायला एक जागा मिळत होती. आमच्या एका ओळीने हे झालं असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. जगभरातून लोक ओरडत होते. पण त्या ओरडण्यात मामांचाही आवाज होता, एवढं मी म्हणणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मामांच्या वेळेला, आम्ही तिघे बसलो. पुढचं शटर मी अर्धं खाली ओढलं. गडी कमानीतून बाहेर काढला. वाटेत लांडगे आले तेव्हा रिमोट पंकजकडे दिला, त्याने हाकलले, मी परत घेतला. शहराची वेस, बाजार, दगडी जिना. वर एक लहान खोली. दार लावलं. खिडकीशी खाट होती. गडी खाटेवर बसला, मग आडवा झाला. पाऊस बाहेर राहिला. पडदा हळूहळू काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

“उठवायला कोणतंबी बटण दाबा,” सचिनने वाचलं.

त्याची कंपनीची बस बाहेर हॉर्न देत होती. तो उठला नाही. पंकजने दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

मी मामींना फोन लावला. “मामी, गडी आत घेतला.”

त्यांनी विचारलं, “निजला का?”

“निजला.”

“मग उठवू नगा कुणी,” त्या म्हणाल्या.

मी रिमोट मामांच्या खुर्चीवर ठेवला, बटणं वरच्या बाजूला करून.