पट्ट्यावरचं तूप

ती गोल्फगाडी मी भांडून घेतली. एका बंद पडलेल्या हॉटेलचं सामान विकायला निघालं होतं. सायकलवर भंगार गोळा करत जुन्या यंत्रांच्या धंद्यात आलेला मी माणूस; समोरच्याला घाम फुटेपर्यंत उठत नाही. पण ही गाडी विकायला घेतली नव्हती. बाबांचे गुडघे गेले होते, ट्रॅक्टरवर चढवत नव्हतं, आणि अमडापूरजवळचं आमचं शेत पाहिल्याशिवाय त्यांना घास जात नव्हता. ही गाडी बुटकी. खाटेवर बसावं तसं बसायचं.

पेडलवरचा पाय काढला की तिचं इंजिन बंद पडतं, दाबलं की पुन्हा सुरू. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, थांबलो की फक्त वारं ऐकू यायचं.

"बैलासारखी गुमान उभी राह्यते बे," बाबा म्हणायचे. पोटभर पाहून झालं की, "चाल बे आता."

निगा मीच राखायचो. मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर भुशाने भरायचा, तो झटकायचा. प्लग घासायचा. आणि पट्टा तपासायचा, कारण इंजिनला पहिला हिसका तोच देतो.

बैल विकून आम्हाला बरीच वर्षं झाली. तरी गेल्या पोळ्याला सकाळी गाडी सुरू होईना. सीट उचलून पाहिलं, तर पट्टा हळद-तुपाने माखलेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, तसा.

"बाबा, हे काय केलं?"

"खांद शेकली. तूच म्हने ना, सारा भार याच्यावर हाये."

"अहो, रबर हाये ते. घसरून राह्यलं."

"घसरू दे. आज पोळा हाये. आज कोन जुपते बे तिले?"

बाजारात मला कोणी गप्प करू शकलं नाही. त्या दिवशी मी सीट खाली टाकून गाडी तशीच उभी ठेवली.

नवा पट्टा मिळायच्या आत धाकटा भाऊ पुण्याहून कार घेऊन आला. गुडघ्याचं ऑपरेशन करून दिवाळीला आणून सोडतो म्हणाला. मी ओट्यावर उभा राहून भांडलो. बाबा तरी निघाले. "पट्टा बसवून ठेव. आलो का धुऱ्यावर जाऊ."

नवा पट्टा मी बसवला, पण दिवाळीला त्याने बाबांना आणलं नाही. प्रवास झेपणार नाही म्हणाला. बाबा फोनवर विचारायचे, "सुरू हाये का बे?" मी म्हणायचो, "हाव, तुमचीच वाट पाहून राह्यली."

थंडीत त्यांची छाती भरली. मी पुण्याला पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता. "थांबता आलं नसतं, दादा," एवढंच भाऊ म्हणाला. थोरला मी. मला चेहराही दाखवला नाही. हे मी त्याला सोडणार नाही.

तेरवीच्या जेवणात भाऊ म्हणाला, "दादा, ती गाडी आता विकून टाका. भाव करण्यात तुमचा हात कोण धरणार?" मी पंगतीतून उठून आलो.

चालवली नाही तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल चिकटतं, म्हणून दर आठवड्याला तिला धुऱ्यापर्यंत नेतो. पेडलवरचा पाय काढतो. वारं ऐकू येतं. शेजारून "चाल बे आता" म्हणणारं कोणी नसतं, म्हणून निघायला फार उशीर होतो.