चुका काढत ऐकलेली कादंबरी

लग्नाला चार वर्षं झाली होती. माझे यजमान मुंबईला एका गिरणीच्या कचेरीत नोकरीला, आणि रत्नागिरीच्या घरात मी आणि मामंजी दोघंच. मामंजी जन्मभर दाव्यांचे कागद सांभाळून कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे त्यांना अक्षर दिसेनासं झालं होतं. मी मराठी सातवी झाले होते. दुपारची जेवणं आटोपली की पडवीत बसून मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. सुनेनं सासऱ्यासमोर असं बसणं शेजारच्या बायकांना खटकायचं. मामंजींना त्याचं काही वाटत नसे.

एक दिवस वाचनालयाचे चिटणीस एक नवी कादंबरी घेऊन आले. म्हणाले, "कोर्टाची गोष्ट आहे. गावात दोन तट पडलेत हिच्यावरून. तुम्ही ऐकून सांगा."

गोष्ट एका आगबोट कंपनीची होती. बोटीचा बॉयलर निकामी झालेला असतो, पण कायदे कौन्सिलातला एक बडा सभासद कंपनीचा छुपा भागीदार असतो आणि त्याच्या शब्दावर बोट चांगली असल्याचा दाखला मिळतो. बॉयलर फुटतो, माणसं मरतात. त्यांतल्या एका खलाशाची बायको कंपनीवर दावा लावते. मग कागद चोरीला जातात, साक्षीदार नाहीसे होतात आणि एक तरुण वकील एकटाच लढत राहतो.

पहिल्याच दिवशी मामंजींनी मला सात-आठ वेळा थांबवलं.

"अगो, थांब. तो दाखला कोर्टात दिलेल्या कागदांच्या यादीत होता का?"

"तसं लिहिलेलं नाही, मामंजी."

"मग त्यावर पुराव्याची निशाणी कशी पडली? आणि मूळ कुठाय? न्यायाधीश नक्कल बघतो आणि लगेच मान डोलावतो. असं कोर्ट मी तरी पाहिलेलं नाही."

मला वाटलं, आता पुस्तक परत जाणार. पण दुसऱ्या दिवशी जेवून हात धुताच ते पडवीत येऊन बसले आणि म्हणाले, "त्या साक्षीदाराचं काय झालं, बघ पाहू."

तिसऱ्या दिवसापासून खाडीकाठच्या राजिवड्याचे एक नाखवा येऊन बसू लागले. त्यांच्या जमिनीचा एक जुना दावा कोर्टात होता तेव्हापासूनची ही ओळख. स्वतःचा मचवा होता त्यांचा, मुंबईपर्यंत माल न्यायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. पायरीवर बसून, पानाचा डबा मांडीवर ठेवून ते ऐकायचे. बोट श्रावणाच्या सुरुवातीला बंदरातून सुटली असं मी वाचलं तेव्हा ते हसले.

"बाई, नारळी पुनवेआधी या किनाऱ्यावर आगबोट कशी येल? लिहिणारा घाटावरचा दिसतो."

पण बॉयलर फुटण्याआधीचं प्रकरण आलं तेव्हा त्यांनी पानाचा डबा बाजूला ठेवला. बोटीच्या यंत्राला तेल घालणाऱ्या तेलवाल्याला आवाजावरूनच कळलेलं असतं की हे लक्षण बरं नाही. तो वर जाऊन सांगतो आणि वरचे त्याला खाली हाकलतात. नाखवा म्हणाले, "हे मात्र त्याला कुणीतरी दर्यावरच्या माणसानं सांगितलेलं आहे. हे घरी बसून सुचत नाही."

मला स्वतःला त्या खलाशाच्या बायकोची साक्ष फार आवडली. बाकी सगळे पानंच्या पानं बोलतात. ही उलटतपासणीत एवढंच सांगते की नवरा जाताना म्हणाला होता, या खेपेला जायला मन घेत नाही, आणि मीच त्याला पाठवला. ती ओळ मी मामंजींना पुन्हा वाचून दाखवली. निकालानंतर मात्र लेखक त्या बाईला साफ विसरला होता. तिचं पुढं काय झालं याची एक ओळ नाही. मी तसं म्हटल्यावर मामंजी म्हणाले, "कोर्टही विसरतं."

शेवटी कंपनी हरते, पण कौन्सिलचा सभासद सहीसलामत सुटतो. गावात वाद होता तो यावरच. तरुण वकील मंडळी म्हणत, एवढं वाचायला लावून लेखकानं फसवलं. शाळेचे एक मास्तर म्हणत, असली पुस्तकं मुलांच्या हाती पडली तर कुणावर विश्वासच उरणार नाही. आणि पुस्तक मिळायला मात्र वाचनालयात नंबर लावावा लागत होता.

त्यातच वाचनालयाच्या कमिटीतल्या एका वजनदार गृहस्थांनी पुस्तक काढून टाकावं असा ठराव मांडला. ते बंदरावर मालाचे एजंट होते आणि म्युनिसिपालटीतही. प्रतिष्ठित माणसांची बदनामी होते, असं त्यांचं म्हणणं. चिटणीस पुन्हा आमच्याकडे आले.

"तुम्ही पुष्कळ चुका काढल्यात असं ऐकलं. तेवढ्या लिहून दिल्यात तर ठरावाला आधार होईल. नाहीतर मला त्यांच्याशी वैर घ्यावं लागेल."

"लिहून देतो," मामंजी म्हणाले. "उद्या या."

चिटणीस गेल्यावर त्यांनी मला कागद घ्यायला सांगितलं आणि एकेक चूक सांगत गेले. प्रतिवादीच्या कैफियतीची मुदत, निशाणी, वकीलपत्र, श्रावणातली बोटसुद्धा. दोन पानं भरली. मला वाईट वाटत होतं. शेवटी मी विचारलं, "म्हणजे पुस्तक काढायचं?"

ते म्हणाले, "नोकरीत असताना एका दाव्यात मी सकाळी एक कागद पाहिला आणि दुपारी त्याच्या जागी दुसरा पाहिला. सही तीच, मजकूर वेगळा. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. पुढे तो मनुष्य जमिनीला मुकला. तुझ्या सासूलाही मी हे सांगितलं नव्हतं."

मी टाक दौतीत बुडवला.

"लिही," ते म्हणाले. "वरील चुका रीतीच्या आहेत. लेखकाला कोर्टाची रीत माहीत नाही, माणसं माहीत आहेत. मूळ हकीकत खोटी आहे असं म्हणायला मला माझ्या नोकरीत आधार सापडत नाही. सबब पुस्तक ठेवावं. झालं. आता हाताला धरून मला सही करायची जागा दाखव."

कमिटीत ते वाचून दाखवलं गेलं आणि ठराव दोन मतांनी पडला. एजंट गृहस्थांनी आम्हाला नमस्कार करणं सोडलं. त्या मोसमात आमच्या बागेतल्या आंब्याच्या मुंबईला जायच्या पेट्या धक्क्यावर तीन दिवस पडून राहिल्या. दर वेळी एजंटाचं उत्तर एकच, बोटीत जागा नाही. निम्मा आंबा सडून गेला.

मी मामंजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कादंबरीत असतं तर मी ही चूक काढली असती. इतक्या उघडपणे कुणी करत नाही, म्हटलं असतं."

पुढचा माल नाखवांनी मचव्यातून नेला. पेट्या चौथ्या दिवशी मुंबईला पोचल्या. यजमानांचं पत्र आलं की फळ उत्तम आहे, पण घरी काय घडलंय ते सविस्तर कळवा. मी दोन पानं लिहिली. मामंजींनी ती वाचून दाखवायला सांगितली आणि ऐकता ऐकता तारखेची एक चूक काढली.