मिस ओझेलांच्या घरातली वेळ

आमचं गाव नदीच्या अलाबामाकडच्या काठावर. पूल ओलांडला की जॉर्जिया. कायद्याने तिकडचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास पुढे. पण अख्खं गाव पलीकडच्या गिरणीत कामाला, म्हणून आमची शाळा, चर्च, जेवणखाण, सगळं जॉर्जियाच्याच वेळेवर चालायचं.

मिस ओझेला शाळेची बस चालवायच्या. स्वतःची शाळा दहावीतच सुटलेली. तरी शहाऐंशी साली दर शनिवारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेची तयारी करून घेतली. पुस्तक एकच, चर्चच्या जुन्या बाजारातलं, कुणीतरी पेन्सिलीने आधीच सोडवलेलं. बाईंनी आठवडाभर खोडरबर घासून उत्तरं पुसली होती. तरी खुणा दिसायच्याच.

"खुणांकडे बघू नकोस, ज्युनेट. तो गाढव निम्मं चुकलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पुस्तक विकून गेला ना!"

मला स्वतःचं वर्तमानपत्र काढायचं होतं आणि ते शिकवायचं जॉर्जियाचं सरकारी विद्यापीठ. तिथं त्यांच्या राज्यातल्या पोरांना सोळाशेपैकी साडेदहाशे गुण पुरत. परराज्यातल्यांना बाराशेच्या खाली कुणी विचारत नसे. मी परराज्यातली. पुलाच्या लांबीएवढी.

परीक्षेचं केंद्र आलं अलाबामातच, दीड तासावरच्या गावात. चिठ्ठीवर वेळ आठची. बाईंनी आपल्या खटारा फोर्डमधून मला साडेसातला फाटकाशी उतरवलं. फाटकाला कुलूप.

"साडेसहा वाजलेत, बाई," पहारेकरी म्हणाला.

"तुझं घड्याळ बंद पडलंय."

"बाई, तुम्ही सध्या कुठल्या राज्यात उभ्या आहात?"

मिस ओझेला अशा हसल्या की गाडी हलली. जन्म अलाबामात गेला आणि अलाबामात किती वाजलेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं!

तो फुकट मिळालेला तास मी आजही जपून ठेवलाय. गाडीतला हीटर बिघडलेला. एकाच कोटाखाली दोघी, मांडीवर सॉसेज घातलेली गरम बिस्किटं, आमच्याकडची, पावासारखी मऊ. पुस्तक काढलं तर हातावर फटका. "आता जे येतं ते येतं. खा."

गुण आले अकराशे साठ. चाळीस कमी.

अर्ज भरताना बाई म्हणाल्या, "वर्नेलचा पत्ता टाक. माझी बहीण पूल उतरून तिसऱ्या घरात राहते. जन्मभर त्यांच्या घड्याळावर उठलो, एक पत्ता घेतला तर काय बिघडलं?"

"मी चोर आहे का? घ्यायचं तर माझ्या पत्त्यासकट घ्या म्हणावं."

"डोकं आहे की धोंडा?"

मी माझाच पत्ता लिहिला. इतका दाबून, की कागद फाटला.

एप्रिलमध्ये विद्यापीठाचं एका पानाचं नकाराचं पत्र आलं. बाईंनी ते चुलीपाशी उभ्यानेच वाचलं. खुर्चीवर चढल्या, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि काटा एक तास मागे फिरवला.

"ते आपल्याला परके म्हणतात ना? मग या घरात आपल्या राज्याची वेळ."

बस त्यांनी कधी चुकवली नाही, नोकरी होती ती. पण रविवारी त्या घरच्या घड्याळाने निघत. पुढची अकरा वर्षं त्या चर्चमध्ये शिरायच्या तेव्हा लोक घरी निघायला टोप्या शोधत असायचे.

"सिस्टर ओझेला, परत उशीर?" पाद्री विचारायचे.

"मी वेळेवर आले, रेव्हरंड. घाई तुम्ही केलीत."

कॉलेज झालं नाहीच. छपाई मी एका बंद पडलेल्या छापखान्यात हात काळे करून शिकले. गिरणीतल्या बायकांचा पेपर तेवीस वर्षं काढतेय. वर्नेलचा पत्ता लिहायला हवा होता का, हे अजून कधीकधी मनात येतं. मग राग येतो, माझा नाही, त्या विद्यापीठवाल्यांचा.

बाई गेल्यावर ते घड्याळ मी मागून आणलं. छापखान्यात येणारा प्रत्येक जण सांगतो, एक तास मागे आहे.

मी प्रत्येकाशी भांडते.