दगडूच्या गाडीचा सायलेन्सर

जपान्यांशी झालेल्या लढाईत माझे पोस्टिंग पूर्व सरहद्दीपलीकडच्या अराकानच्या रस्त्यावरच्या एका सिग्नल कंपनीत होते. हुद्दा नाईक, काम मोटरसायकल मेकॅनिक. भरतीपूर्वी मी धुळ्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर होतो. आमच्याकडे अकरा जुन्या गाड्या होत्या. त्यांवरून डिस्पॅच रायडर ब्रिगेडला कागद पोचवत.

लढाईत तुम्ही काय केलेत, असे लोक विचारतात. सायलेन्सर साफ केले, असे मी सांगतो. लोक हसतात. हसू देत बापडे. महिनाभरात पाइपात काजळीचा थर बसे, गाडीचा दम कोंडे, चढावर ती बंद पडे आणि रायडर शत्रूला आयता सापडे. म्हणून सकाळी सहाला पाइप उतरवायचा, कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवायचा आणि आतून साखळी ओढून काजळी काढायची. सोड्याने बाहेरचा खाकी रंगही निघे आणि खालचा क्रोम उघडा पडे. त्यावर पुन्हा रंग द्यायचा. रंग नसेल तर चिखल फासायचा. स्टँडिंग ऑर्डरच होती तशी. उन्हात काही चमकले की जपानी विमान खाली आलेच म्हणून समजा.

लान्स नाईक दगडू हा आमचा सर्वांत चांगला रायडर. तो पिंपळनेरचा, मी चोपड्याचा. अख्ख्या कंपनीत खानदेशी आम्ही दोघेच. त्याचे बोलणे कानावर पडले की मला बरे वाटे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या गाडीचा सायलेन्सर सोड्यातून काढला. दसऱ्याला शस्त्रे आणि गाड्या पुजायच्या होत्या. क्रोम बघून मला चेव आला. घरी पोळ्याला बैलांच्या शिंगांच्या पितळी शेंब्या मीच घासत असे, आणि आमच्या बैलजोडीकडे गाव वळून बघे. लंगरमधली, म्हणजे कंपनीच्या भटारखान्यातली, राख चाळली, तेलात कालवली आणि दोन तास सायलेन्सर घासला.

दगडू वाकून त्यात स्वतःचे तोंड बघू लागला. "भाऊ, यामा ते मनं तोंड दखास!"

"सकाय पूजा होऊ दे. मंग रंग लावसू," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता पूजा झाली. दगडूच्या गाडीला झेंडूचा हार मी घातला. नऊ वीसला फोन वाजला.

हवालदार ओरडले, "दगडू, ब्रिगेडचा कागद. ताबडतोब. सायलेन्सरला चिखल लाव."

दगडूने हार काढून माझ्या हातात दिला. "नाला जोडेच शे, भाऊ. तठे लावसू." जवळच्या नाल्यावर चिखल लावतो म्हणत त्याने किक मारली.

दोन मिनिटांचे काम होते. मी त्याला थांबवायला हवे होते. खरे सांगतो, गेटपर्यंत सगळ्यांनी ती चमक बघावी असे मला वाटत होते.

पाच मिनिटांनी विमानाचा आवाज आला, मग मशीनगनचा. दहा वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर निरोप आला. "रायडर हिट. कागद पोचला. ओव्हर." मागून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने कागद आणि दगडू, दोन्ही पुढे नेले होते. बारा वाजता ब्रिगेडच्या हॉस्पिटलात दगडूने प्राण सोडला.

दुपारी गाडी परत आली. चौकशीला कॅप्टनसाहेब स्वतः आले. माझे कोर्ट मार्शल ठरलेलेच होते. साहेबांनी सायलेन्सर पाहिला. तो चिखलाने पुरता माखलेला होता. "ऑर्डर पाळली होती," ते म्हणाले आणि तसेच लिहून निघून गेले.

मी गाडी धुवायला घेतली. सायलेन्सरला गोळ्यांची दोन भोके होती आणि चिखल त्या भोकांत बोटाने दाबून भरलेला होता. म्हणजे तो गोळ्यांनंतर लागला होता. मी ट्रक ड्रायव्हरला गाठले. तो म्हणाला, "पोटात गोळी असताना नाल्याकाठी पडल्या पडल्या गाडीला चिखल फासत होता. मला वाटले, भ्रम झालाय." हॉस्पिटलच्या ऑर्डर्लीने सांगितले, दगडूची बोटे भाजलेली होती. पाइप तापलेला असणारच.

भ्रम नव्हता. तो मला वाचवत होता.

सैन्यातून सुटल्यावर मी आधी पिंपळनेरला गेलो, मग घरी. दगडूचे वडील, आबा, बैलांना कडबा टाकत होते. मी त्यांना सगळे सांगितले, काही लपवले नाही. ते बैलाच्या पाठीवर हात फिरवू लागले.

मग म्हणाले, "त्यानी झाकी लिधं. आते तू कसाले उघडस?"

मी तिथेच गोठ्यात बसून रडलो. आबांनी पाण्याचा तांब्या आणून दिला.

आता धुळ्यात आग्रा रोडला माझे छोटे गॅरेज आहे. दसऱ्याला गिऱ्हाइकांचे सायलेन्सर मी आरशासारखे करून देतो. माझ्या स्वतःच्या गाडीचा मात्र चिखलाने माखलेला असतो. लोक चेष्टा करतात, मेकॅनिकचीच गाडी घाण म्हणून. दगडूने झाकलेले उघडू नकोस, हा आबांचा शब्द मोडून आज हे लिहिले, कारण कंपनीच्या कागदांत दगडूच्या नावापुढे फक्त 'ऑर्डर पाळली' एवढेच आहे. ऑर्डर आम्ही दोघांनीही मोडली होती. त्याने पाळली ती दोस्ती.